राष्ट्रीय नेतृत्वासाठी कमाल वयोमर्यादा : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

भारतीय संविधानाने लोकसभेच्या सदस्यत्वासाठी किमान २५, राज्यसभेसाठी ३० आणि राष्ट्रपतिपदासाठी ३५ वर्षे वयाची अट घातली आहे. कमाल वयाविषयी मात्र ते मौन पाळते. हेच संविधान सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना ६५ व्या, तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना ६२ व्या वर्षी निवृत्त करते. केंद्र शासनाचा सर्वसामान्य कर्मचारी ६० व्या वर्षी निवृत्त होतो. महाविद्यालयीन प्राध्यापकाला तर नियुक्तीच्या दिवशीच आपल्या निवृत्तीची तारीख ठाऊक असते. मग देश चालविणाऱ्यांनाच ही शिस्त का नसावी, असा प्रश्न सुजाण नागरिकाला पडणे स्वाभाविक आहे. देशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या तिशीच्या आतील असताना २०२४ साली निवडून आलेल्या अठराव्या लोकसभेच्या सदस्यांचे सरासरी वय ५६ वर्षांच्या आसपास आहे. त्यामुळे प्रश्न रास्त ठरतो. त्याचे उत्तर मात्र दिसते तितके सरळ नाही. वयोमर्यादेचा हा वाद मुळात उमेदवारी कोण देतो व कोणत्या नियमाने देतो याचा वाद आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

नियुक्त आणि निर्वाचित

वय आणि योग्यता यांचा संबंध संविधान सभेलाही सोपा वाटला नव्हता. राज्यसभेसाठी किमान वय ३५ असावे असा मूळ प्रस्ताव होता. मे १९४९ मध्ये दुर्गाबाई (पुढे चिंतामणराव देशमुखांशी विवाहानंतर दुर्गाबाई देशमुख) यांनी ते ३० करण्याची दुरुस्ती मांडली आणि ती स्वीकारली गेली. वय वाढले म्हणजे शहाणपण वाढतेच असे नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हाच युक्तिवाद उलट दिशेनेही लागू पडतो : वय वाढले म्हणजे शहाणपण ओसरतेच, असेही नाही.

न्यायाधीशांचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. परंतु ते फारसे लागू पडत नाही. न्यायाधीश एकदा नियुक्त झाला की त्याला पुन्हा कोणाकडे कौल मागावा लागत नाही. त्याला पदावरून दूर करण्याची प्रक्रियाही हेतुपुरस्सर कठीण ठेवलेली आहे. अशा पदाला कोठेतरी शेवट हवा, आणि तो सरकारच्या मर्जीवर अवलंबून नको, म्हणून निवृत्तीचे वय ठरविले जाते. लोकप्रतिनिधीला मात्र दर पाच वर्षांनी मतदारासमोर उभे राहावे लागते. त्याच्यावर वयाची मर्यादा घालणे म्हणजे मतदाराच्या निवडीवरही मर्यादा घालणे होय. वयोमर्यादेवरील सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे.

१९७७ चा दाखला

या संदर्भात जनता पक्षाच्या राजवटीचा अनुभव बोलका आहे. १९७४ मध्ये गुजरात व बिहारमधील विद्यार्थ्यांनी उभारलेल्या आंदोलनांतून जी लाट निर्माण झाली, तिची परिणती मार्च १९७७ मधील सत्तांतरात झाली. तरुणांच्या या उठावातून पंतप्रधानपदी आले ते ८१ वर्षांचे मोरारजी देसाई, एकेकाळचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. त्यांच्या निवडीचा निर्णय ज्यांच्यावर सोपविला गेला, त्यांपैकी जयप्रकाश नारायण ७४ वर्षांचे, तर आचार्य कृपलानी ८८ वर्षांचे होते. याच पक्षात परभणी जिल्ह्यातील (आता हिंगोली) कडोळी गावचे नानाजी देशमुख होते. साठी उलटलेल्यांनी सत्तापदापासून दूर राहावे, अशी भूमिका घेऊन त्यांनी केंद्रीय मंत्रिपद नाकारले आणि पुढे गोंडा व चित्रकूट येथे ग्रामविकासाचे काम उभे केले. (१९९९ मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी ते राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य झाले, हेही नमूद केले पाहिजे.)

मोरारजींचे सरकार सव्वादोन वर्षांत कोसळले. त्याचे कारण मात्र त्यांचे वय नव्हते, तर घटक गटांतील बेबनाव हे होते. उलट त्यांच्याच कारकिर्दीत १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती झाली. तिने लोकसभेची मुदत पुन्हा ५ वर्षे केली आणि आणीबाणी पुकारण्याच्या अधिकारावर बंधने आणली. ७५ वर्षांची घटनात्मक मर्यादा तेव्हा असती, तर हे नेतृत्व देशाला लाभले नसते. अर्थात जगजीवनराम हे तुलनेने तरुण व अनुभवी नेते त्या वेळी उपलब्ध होते, आणि निर्णय मोजक्या ज्येष्ठांच्या सल्लामसलतीने झाला, ही बाबही दृष्टिआड करता येत नाही.

असमर्थता ही वेगळी बाब

वयोमर्यादेच्या समर्थकांना जी भीती वाटते ती वस्तुतः असमर्थतेची असते. पंडित नेहरूंना जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वर अधिवेशनात अर्धांगाचा झटका आला आणि २७ मे रोजी निधन होईपर्यंत ते पदावर होते. त्यांचे वय ७४ होते. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता २२ सप्टेंबर ते ५ डिसेंबर २०१६ या काळात रुग्णालयात होत्या. त्यांचे वय अवघे ६८ होते. ७५ च्या मर्यादेने या दोन्हींपैकी एकही प्रसंग टळला नसता. पंतप्रधान वा मुख्यमंत्री कार्यभार सांभाळण्यास असमर्थ झाल्यास ते कोणी व कसे ठरवावे, याची निश्चित प्रक्रिया आपल्या संविधानात नाही. अमेरिकेने १९६७ च्या २५ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षापुरती ती केली आहे. तरीही जुलै २०२४ मध्ये ८१ वर्षांचे जो बायडेन निवडणुकीतून बाजूस झाले ते या तरतुदीमुळे नव्हे, तर स्वपक्षीयांच्या दबावामुळे.

पक्षांचे नियम आणि अपवाद

भारतात वयोमर्यादा आली ती पक्षांच्या दारातून. २०१४ मध्ये केंद्रात सत्तेवर आलेल्या भारतीय जनता पक्षाने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मंत्रिमंडळाबाहेर ठेवले आणि त्यांच्यासाठी मार्गदर्शक मंडळ स्थापन केले. २०१६ मध्ये आनंदीबेन पटेल यांनी पंचाहत्तरी जवळ आल्याचे कारण देऊन गुजरातचे मुख्यमंत्रिपद सोडले. परंतु २०१९ मध्ये ७६ वर्षांचे येडियुरप्पा कर्नाटकाचे मुख्यमंत्री झाले आणि २०२१ मध्ये ८८ वर्षांचे ई. श्रीधरन यांना केरळात उमेदवारी मिळाली. पक्षाच्या घटनेत अशी तरतूदच नाही, असे अमित शहा यांनी मे २०२४ मध्ये स्पष्ट केले. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांनी वयाची ७५ वर्षे पूर्ण केली, तेव्हा हीच चर्चा पुन्हा झाली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने २०२२ मध्ये केंद्रीय समितीसाठी ७५ ची मर्यादा लागू केली. तथापि पिनराई विजयन यांना त्या वर्षी आणि पुन्हा २०२५ मध्ये सूट दिली. संकेत असो वा ठराव, अपवाद करण्याचा अधिकार नेतृत्वाकडेच राहतो, हे दोन्ही उदाहरणांतून दिसते.

याउलट जपानच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या यादीसाठी ७३ ची मर्यादा ठेवली होती. २००३ मध्ये पंतप्रधान कोईझुमी यांनी ती ८५ वर्षांचे नाकासोने व ८४ वर्षांचे मियाझावा या दोन माजी पंतप्रधानांनाही लागू केली. नाकासोने यांना यादीतील अग्रस्थानाचे आजीवन आश्वासन पूर्वी दिले गेले होते. त्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली, पण नियम बदलला नाही.

मर्यादा संविधानात लिहिली म्हणजे ती टिकतेच, असेही नाही. युगांडाच्या १९९५ च्या संविधानात राष्ट्राध्यक्षासाठी ७५ ही कमाल मर्यादा होती. मुसेवेनी ती ओलांडण्याच्या बेतात असताना डिसेंबर २०१७ मध्ये तेथील संसदेने ती रद्द केली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ अशा मतांनी तो निर्णय कायम ठेवला.

उमेदवारीचा प्रश्न

महाराष्ट्रात जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षातील फुटीच्या वेळी शरद पवार यांच्या वयाचा मुद्दा जाहीर सभेतून मांडला गेला. त्यांच्या पक्षाने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १० पैकी ८ जागा जिंकल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या ८६ पैकी केवळ १० जागा मिळाल्या. दोन्ही वेळी पवारांचे वय ८३ च होते. मतदाराने दोनदा निरनिराळा कौल दिला, तो अन्य कारणांनी.

मतदार वयापलीकडचे पाहू शकतो, हे यावरून मान्य करावे लागते. मात्र त्याच्यासमोर कोणाची नावे यावीत हे तो ठरवीत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील २९-अ हे कलम पक्षांच्या नोंदणीविषयी आहे. उमेदवार कसा निवडावा याविषयी ते काही सांगत नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदेशीर तरतुदींची शिफारस केली होती. ती अद्याप अमलात आलेली नाही. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता व शिक्षण यांचे शपथपत्र द्यावे लागते. पक्षाला मात्र एखाद्या ज्येष्ठाला वगळताना वा दुसऱ्याला सूट देताना कोणतेही कारण नोंदवावे लागत नाही. वयाविषयी काही नियम करावयाचाच असेल, तर तो पक्षाच्या नोंदणीकृत घटनेत लिहिलेला असावा, आणि प्रत्येक अपवादाचे कारण निवडणूक आयोगाकडे लेखी सादर करण्याचे बंधन त्यासोबत असावे. अशा बंधनासाठी संविधानात दुरुस्ती करावी लागणार नाही. २९-अ या कलमातील बदल पुरेसा ठरू शकेल.