राहूला पोट नाही

पहाटे साडेपाच
खिडक्यांना काळा कागद, दाराखालच्या फटीत जुनी चादर. बाहुली तसूतसूने हलवून एकेक फोटो काढायच्या कामात बाहेरचा उजेड आत शिरला, की पडद्यावर चित्र लुकलुकतं. म्हणून नेवाशातल्या या खोलीत दिवस उजाडतो तो आमच्या दोन दिव्यांनी. या वेळेला व्होल्टेज खालीवर होत नाही, म्हणून अवघड शॉट पहाटेच लावायचे. त्यात गाळपाचा हंगाम. रस्त्यावरून उसाची जोडट्रॉली गेली, की टेबलावरचा मंदार पर्वत थरथरतो. ट्रॉली पुरती लांब जाऊ द्यायची आणि मगच बटण दाबायचं.

आज राहूचं डोकं उडवायचं आहे.

गोष्ट इथल्या कुणालाही विचारा. समुद्रमंथनानंतर विष्णूने मोहिनी होऊन अमृत वाटलं ते आमच्या नेवाशात. राहू देवांच्या पंगतीत चोरून बसला, सूर्य-चंद्रांनी चहाडी केली, चक्र सुटलं. लोक सांगतात, शिर पडलं ते राहुरीला आणि काया पडली ती कायगावला. सांगणाऱ्याला हे एका श्वासात जमतं. मला एका सेकंदाला बारा फोटो लागतात. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी पळतात, बाहुलीची प्रत्येक स्थिती आम्ही दोन चौकटी धरून ठेवतो. सहा मिनिटांच्या चित्रपटाला 4320 फोटो.

आठ
चहा. बाहुल्यांचे सांगाडे करणारा मुलगा आला. आयटीआयला फिटर झालाय. पितळेच्या गोळ्या आणि पट्ट्या जोडून खांदे, कोपर, गुडघे इतके नेमके बसवतो, की बाहुली जिथे ठेवू तिथेच थांबते.
‘‘ताई, मान किती ठेवायची?’’
‘‘कापायच्या आधी की नंतर?’’
‘‘नंतर. वर चार बोटं ठेवली तर जिवंत वाटंल. काहीच नाही ठेवली तर नारळ वाटंल.’’

त्याचं बरोबर आहे. अमृत घशापर्यंत गेलं होतं म्हणून डोकं अमर झालं, तेव्हा घसा थोडा तरी दिसलाच पाहिजे. दोन बोटांवर तडजोड झाली. केसांना लोकर लावली, दख्खनी मेंढीची, काळी आणि राठ. पारनेरकडच्या एका धनगर मावशींनी दिली. घोंगडीला घेतात तीच. याच जातीच्या लोकरीवर मुंबईच्या सुरेश एरियाट यांनी ‘देसी ऊन’ हा चित्रपट केला आणि 2025 साली फ्रान्समधल्या आनसीच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. लोकरीची अडचण एकच: बोट लागलं की तंतू हलतात आणि पडद्यावर केस वाऱ्यावर असल्यासारखे वळवळतात. इतरांच्या बाहुल्यांत तो दोष ठरेल. राहूला शोभतो.

साडेनऊ
शॉट अडलाय. अडलं, की मी पोलंडकडे वळते.

क्राकूव्ह शहरात वावेल टेकडीखालच्या गुहेत एक राक्षसी सर्प राहायचा, गुरंमाणसं खायचा. स्कुबा नावाच्या चांभाराने मेंढीच्या कातड्यात गंधक भरून ती गुहेपुढे ठेवली. सर्पाने गिळली, पोटात आग पेटली, विस्तुला नदीवर जाऊन तो पाणी प्यायला, पीत राहिला आणि फुटला. दुसरं महायुद्ध संपल्यावर वूच शहरात झेनोन वासिलेव्हस्की यांनी ही गोष्ट बाहुल्यांकडून करवून घेतली. चित्रपटाचं नाव ‘झा क्रुला क्राकुसा’, क्राकुस राजाच्या काळी, साल 1947. पोलंडमधल्या युद्धोत्तर बाहुलीपटांची सुरुवात इथून होते. त्याच शहरातल्या से-मा-फोर स्टुडिओत पुढे ‘पीटर अँड द वुल्फ’ घडला आणि 2008 साली त्याला ऑस्कर मिळालं. अलीकडे तोमाश बागिन्स्की यांनी तोच सर्प आजच्या क्राकूव्हमध्ये आणला. तिथे नट खरे आणि भोवतालची करामत संगणकाची. तो पाहायला झकास आहे, पण माझ्या टेबलावर त्याचा उपयोग नाही.

मला उपयोग होतो तो गोष्टीच्या जुन्या रूपाचा. 1200च्या आसपास विन्सेंती काडवूबेक या इतिहासकाराने ती लिहिली तेव्हा त्यात चांभार नव्हताच, सर्पाला राजाच्या मुलांनी मारलं होतं. स्कुबा आला सोळाव्या शतकात. आता त्याच्यावाचून गोष्ट पुरी होत नाही, राजपुत्र कुणाला आठवतही नसतील. म्हणजे कुणीतरी कधीतरी बसून ठरवलं, की हे काम चांभाराचं. दंतकथेला हात लावू नये म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवते.

आणि सर्पाला पोट आहे! फुगत जाणारं, फुटणारं पोट. बाहुलीवाल्याला याहून काय हवं? माझ्या राहूला नेमकं तेच नाही.

बारा
लाइट गेली. मोहिनीराजाच्या देवळाकडे निघाले. पारावर एक आजोबा असतात, त्यांना विचारलं, ‘‘बाबा, डोकं राहुरीकडं उडालं म्हणता. मग ते प्रवरेच्या वरून गेलं का?’’
‘‘गेलं आसंल की.’’
‘‘आणि धड?’’
‘‘ते पडलं कायगावला.’’
‘‘अहो, पण ते उलट्या दिशेला आहे. चक्र एकच ना?’’
आजोबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘‘पोरी, देवाचं चक्र हाये. तू तुझं बघ.’’

हेच ते. तोंडी गोष्टीत जे मोघम राहू शकतं, ते कॅमेऱ्यापुढे राहू शकत नाही. चक्र डावीकडून यायला हवं किंवा उजवीकडून. रक्त हवं किंवा नको. मी अमृत सांडताना दाखवणार आहे. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतातच, तेव्हा ते नदीत मिसळू दे. पारावरच्या कुणाची हरकत येईलसं वाटत नाही.

तीन
लाइट आली. मान, दोन बोटं. फोटो, हलव, फोटो. या तासांबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. दादासाहेब फाळक्यांनी 1915च्या सुमाराला ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या अशाच हलवल्या होत्या, त्यांनाही दुपार लांबच वाटली असणार.

साडेसहा
शाळा सुटलेली पोरं दारात. झालेलं दाखवते, कारण त्यांच्याइतकं निर्दय परीक्षक मंडळ जिल्ह्यात नाही. चक्र फिरलं, डोकं उडालं, पोरं खूश. मग चौथीतली एक म्हणाली, ‘‘हा सूर्याला गिळतो ना? मग ग्रहण सुटतं कसं?’’
‘‘तू सांग.’’
‘‘मान कापलीये. इकडनं गिळला की तिकडनं बाहेर.’’

म्हाताऱ्या माणसांनी पूर्वापार सांगितलेलंच आहे हे. पण ते दिसतं कसं, याचा विचार मी केला नव्हता. वावेलच्या सर्पाची सगळी शोकांतिका पोटात, राहूची ते नसण्यात: खातो, पण त्याला काहीच पुरत नाही.

नऊ
फिटरला फोन केला. डोकं आतून पोकळ हवं, घशातून गोटी आरपार घरंगळेल एवढं. तो म्हणाला, ‘‘मग सकाळचे सगळे शॉट परत?’’ मानेच्या बाजूचे तेवढे परत, म्हटलं. त्याने गोटीचा व्यास विचारला. अठरा मिलिमीटर, पिवळी. आणि चंद्राची थोडी लहान, कारण तोही याच वाटेने जाणार आहे.