ड्रोन कुणाला वाचवतो?

बेळगावजवळच्या मच्छेच्या शिवारात भातावर औषध मारायचं म्हणजे पाठीवर पंप, पायाखाली चिखल आणि तोंडावर आपल्याच फवाऱ्याचे तुषार. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा तरुण या कामाकडे वळत नाही, म्हणून ड्रोनचं कौतुक होतं ते मजुरीच्या हिशोबाने. टाकी १० लिटरची, एकराला साधारण तेवढंच पाणी, आणि काम दहा मिनिटांत उरकतं. पाठीवरच्या पंपाला त्याच एकराला दीडशे-दोनशे लिटर लागतात. मला हा हिशोब दुय्यम वाटतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेने वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. कपाशी माणसाच्या उंचीला पोचली होती आणि फवारा अंगावरच येत होता. चिकोडी-अथणीकडच्या सहा महिन्यांच्या उसातही तेच होणार. ड्रोन चालवणारा मात्र बांधावर उभा असतो. एवढ्या एका गोष्टीसाठी हे यंत्र हवंच.

पण त्याने कीड आटोक्यात येते, हे सरसकट म्हणता येत नाही. भातावरचे तपकिरी तुडतुडे बसतात चुडाच्या बुंध्याशी. पंख्यांचा वारा पाती थोडी फाकवतो खरा, पण पीक दाटलं की बारीक थेंब वरच्या पानांवरच अडकतात. पानं गुंडाळणाऱ्या अळीला हे चालतं, तुडतुड्यांना नाही. हुमणी तर मातीतच असते. २००२ साली सांगलीकडून उसावर पसरलेला लोकरी मावा पुढे बऱ्याच अंशी आटोक्यात आणला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी. त्या वेळी दहा मिनिटांत एकर फवारण्याची सोय हाताशी असती, तर त्यांचाही बळी गेला असता.

औषध वाऱ्याने शेजाऱ्याच्या भाजीवर जाईल, हा आक्षेप खराच आहे. एकरी मात्रा तीच आणि पाणी दहा-वीस पट कमी, म्हणजे प्रत्येक थेंब तितका जहाल. त्यात मच्छेची शेतं गुंठ्यांत वाटलेली, कडेला वस्ती आणि कारखाने. यावर उपाय आहे: वारा पडलेला असताना, पिकापासून दोन-तीन मीटरवरून, शेजाऱ्यांनी ठरवून एकाच दिवशी फवारायचं. म्हणून यंत्र एकट्याचं नसावं. केंद्राच्या २०२३ च्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटांना ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांचं अनुदान आहे. गावची कृषी पत्तीन (सहकारी पतसंस्था) हीही ड्रोन चालवू शकेल. अडचण भाड्याची आहे. भाडं एकरावर ठरतं, तेव्हा ‘आज फवारू नका’ असं ड्रोनवाल्याने सांगणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. चूड हलवून, पडलेले तुडतुडे मोजून फवारायचं की नाही ते सांगणारा पगारी माणूस कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्राने शिवारात पाठवावा, आणि त्याने होय म्हटल्यावरच ड्रोनची बॅटरी चढवावी.