लेथयंत्राची अंकदर्शक मोजपट्टी



फिरत्या लोखंडी दांड्यावर हत्याराची धार टेकवून त्याला हवा तो गोल आकार देणें, हें लेथयंत्राचें काम होय. कातारी लांकूड कातून लाटणें करतो, तोच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें हत्यार हातांत नसून सरकत्या स्लाइडवर घट्ट आवळलेलें असतें. मराठी माणसाला हें यंत्र परकें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. पुढें १९४१ सालीं हरिहर येथें निघालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्यांत लेथयंत्रें तयार होऊं लागलीं. आतां तर हौसेनें घरीं काम करणाऱ्यांसाठीं टेबलावर मावणारीं यंत्रेंहि मिळतात. महाड-पोलादपुराकडे ज्याच्या पडवींत असें यंत्र आहे, त्याला दोन गोष्टींशीं झगडावें लागतें: एक मापाशीं, दुसरी पावसाशीं. दोहोंचा विचार करून यंत्राला अंकदर्शक मोजपट्टी कशी बसवावी, हें आज सांगावयाचें आहे. कारखान्यांत हिलाच डी. आर. ओ. म्हणतात.

प्रथम माप. हत्यार पुढेंमागें नेणारी मूठ एका स्क्रूला जोडलेली असते. एका फेऱ्यांत स्लाइड दोन मिलिमीटर सरकत असेल आणि मुठीजवळच्या चकतीवर शंभर भाग असतील, तर एक भाग म्हणजे दोन शतांश मिलिमीटर. हिशेब सोपा आहे. परंतु स्क्रू आणि नट यांत थोडी मोकळीक असतेच, आणि यंत्र झिजलें कीं ती वाढते. मूठ उलट फिरविली म्हणजे आधीं ही मोकळीक भरून निघते. चकतीवरचे दहा भाग पुढें जातात आणि हत्यार मात्र जागचें हालत नाहीं. जाणता टर्नर नेहमीं एकाच बाजूनें मापावर येऊन ही फसगत टाळतो. नवख्याला तें साधत नाहीं, आणि एकदां अधिक कातलें गेलेलें लोखंड पुन्हां जोडतां येत नाहीं.

मोजपट्टी स्क्रूवर विसंबतच नाहीं. पट्टी एका भागावर आणि तिच्या खुणा वाचणारा ठोकळा, म्हणजे रीडिंग हेड, दुसऱ्या भागावर बसवितात. स्लाइड प्रत्यक्ष जितकी सरकली, तितकाच आंकडा पेटीवर उमटतो. हत्यार एक दशांश मिलिमीटर आंत गेलें म्हणजे दांड्याचा व्यास दोन दशांशांनीं घटतो. म्हणून आडव्या स्लाइडचा आंकडा दुप्पट दाखविण्याची सोय पेटींत आहे ना, हें घेतांनाच पाहावें.

पट्ट्या मुख्यतः तीन जातींच्या. स्वस्त पट्टी विद्युत्‌भारावर चालते; तिच्यावर पाण्याचा किंवा कातकामाच्या द्रवाचा पापुद्रा आला कीं ती भलतेच आंकडे दाखविते. कांचपट्टी प्रकाशाच्या साह्यानें बारीक रेघा मोजते. ती अचूक खरी, पण तिच्या खोळींत तेल वा कीस शिरूं देतां कामा नये. चुंबकीय पट्टी पातळ असते व पाण्यातेलाला दाद देत नाहीं. मात्र लोखंडाचा चुरा तिला चिकटतो, म्हणून वरून झांकण हवें. कोंकणांतल्या दमट हवेला आणि लहान यंत्रावरील अपुऱ्या जागेला ही तिसरी जात अधिक मानवते.

बसविण्याची जागा विचारपूर्वक निवडावी. आडव्या स्लाइडच्या चकाकडील बाजूस पट्टी लावली तर तिच्यावर कीस उडतो. टेलस्टॉककडील बाजूस लावली तर टेलस्टॉक पुरता जवळ येत नाहीं. स्लाइडची ढिलाई काढणारे स्क्रू झांकले जाणार नाहींत, हेंहि पाहावें. बिडांत भोंकें व आटे पाडण्यापूर्वीं डायल गेज लावून स्लाइड टोकापासून टोकापर्यंत सरकवावी आणि पट्टी मार्गाला समांतर करून घ्यावी. शंभर मिलिमीटरांत एक मिलिमीटर तिरपेपणा राहिला, तर मापांतली चूक अवघी पांच सहस्रांश मिलिमीटर येते. खरी हानि ही कीं, पट्टी व रीडिंग हेड यांतील अंतर बदलून दोन्ही घासूं लागतात किंवा आंकडाच तुटतो. रीडिंग हेडची कोनपट्टी जाड असावी. ती लवली, तर तितकें माप खोटें.

इतकें करूनहि पट्टी सर्वज्ञ होत नाहीं. ती स्लाइडची जागा सांगते, दांड्याची जाडी नव्हे. बारीक दांडा हत्याराच्या दाबानें मागें लवतो, हत्याराची धार झिजते, आणि पेटीवर वीस दिसत असतां दांडा वीसाहून जाड निघतो. म्हणून शेवटच्या कातणीपूर्वीं मायक्रोमीटर लावावाच.

राहतां राहिला पाऊस. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री आणि गांधारी यांच्या पुरानें महाड शहराचा मोठा भाग पाण्याखालीं गेला. बिडाचें यंत्र अशा पाण्यांतून निघालें तरी उघडून, धुऊन, तेल दिल्यानें पुष्कळदां पुन्हां चालूं लागतें. अंकपेटीचें तसें नाहीं. म्हणून पेटी कायमची जखडून टाकूं नये. दोन स्क्रू सैल करून व तारा उपसून ती क्षणांत माळ्यावर नेतां येईल, अशीच बसवावी. नदीकांठच्या घरांत हीहि बसविण्याच्या कामाचीच एक बाब समजावी.