पाण्याचा हिशेब

मुंबईच्या कुठल्याही उपनगरात संध्याकाळी स्टेशनाबाहेर पडलं, की चायनीजची गाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते. भट्टीची घरघर, कढईवर आपटणारा झारा, तापल्या तेलात पडलेल्या लसणाची चरचर. कोबी, गाजर, फरसबी, पातीचा कांदा आधीच चिरून ठेवलेला. दोन-तीन मिनिटांत वाफाळता, सुटासुटा भात प्लेटमध्ये.

तोच कोबी, तोच सॉस आणि तसंच चिकन आणून मी घरी पहिल्यांदा केलेला फ्राइड राइस मात्र ओलसर गोळा झाला. चिकन चिवट झालं. पुढे सॉसच्या बाटल्या बदलून पाहिल्या, फरक पडला नाही. पुष्कळ भात वाया घालवल्यावर उमगलं, की या स्वयंपाकात मसाल्याहून मोठा हिशेब पाण्याचा आहे. भातातलं पाणी घालवायचं आणि चिकनमधलं राखायचं.

शिळ्या भाताचा मान

आपल्या फोडणीच्या भातासारखाच फ्राइड राइसही उरलेल्या भाताचा सदुपयोग. चीनमध्ये यांगचौ शहराच्या नावाचा, अंडं, कोळंबी आणि मांस घातलेला प्रकार विशेष प्रसिद्ध आहे. भात शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. गार झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा घट्ट जुळतात, शीत टणक होतं आणि वरचा ओलावा उडतो. असं शीत कढईत मोडत नाही, चिकटत नाही. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर कितीही आवडता असला, तरी तो मऊ आणि चिकट. इथे बासमती किंवा कोलम घ्यावा. वाटीभर तांदूळ भरपूर पाण्यात शिजवावा, किंचित कणी राहिली की वेळून घ्यावा आणि परातीत पसरून पंख्याखाली गार करावा.

मात्र हा भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलट्यांचं विष पुन्हा परतल्याने जात नाही. म्हणून भात तासाभरात फ्रिजमध्ये जावा आणि दुसऱ्या दिवशी संपावा.

चिकनला अस्तर

चिकनचं गणित उलटं. मोठ्या आचेवर मांसातली प्रथिनं आक्रसतात आणि रस पिळून बाहेर टाकतात. चिनी आचाऱ्यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे मांसाला अस्तर लावणं. ३०० ग्रॅम बोनलेस चिकन, शक्यतो मांडीचं, धाग्याला आडवं कापावं. त्याला एका अंड्याचा पांढरा बलक, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा सोया सॉस आणि थोडं तेल चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं. हा थर आच स्वतः झेलतो आणि आतला रस आत राहतो. पुढे तोच थर सॉसलाही धरून ठेवतो.

मुंबईतल्या चिकन मांचुरियनची जडणघडणही यापासून फार दूर नाही. मांचुरियाशी त्याचा संबंध नावापुरता. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते घडवण्याचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांना दिलं जातं. कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळलेलं चिकन, आणि वर आलं, लसूण, हिरवी मिरची या आपल्या वाटणाच्या ओळखीच्या त्रिकुटाला सोया सॉसची जोड. मला यात भेसळ दिसत नाही. कोलकात्यातल्या चिनी कुटुंबांनी आपल्या जिभेचा मान राखून उभं केलेलं हे अस्सल भारतीय अन्न आहे.

आच कमी, घास लहान

कँटोनीज आचारी मोठ्या जाळावर उतरणाऱ्या त्या धुरकट चवीला ‘वोक हेइ’, म्हणजे वोकचा (चिनी कढईचा) श्वास, म्हणतात. २०२० साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी आचाऱ्यांच्या चित्रीकरणावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सेकंदाला सुमारे तीनदा भात हवेत उडत होता. तापलेल्या लोखंडाला टेकायचं आणि करपण्याआधी उडायचं, हे त्या हालचालीचं मर्म.

घरच्या गॅसला तो जाळ नाही. त्यामुळे एका वेळी दोघांपुरताच भात परतावा. लोखंडी कढई धूर येईतो तापवावी. नॉनस्टिक भांडं इतकं तापवू नये. चिकन आधी एका थरात पसरावं, मिनिटभर हलवू नये, मग परतून पूर्ण शिजलं की काढून ठेवावं. त्याच कढईत अंडं, मग आलं-लसूण, मग भाज्या, प्रत्येक वेळी थोड्याच. शेवटी हाताने मोकळा केलेला भात आणि चिकन. सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडावा. तो तिथेच उकळतो, पाणी उडतं आणि सुवास मागे राहतो.

तिरफळाचे भाऊबंद

गाडीवरची शेजवान चटणी म्हणजे सुकी लाल मिरची आणि लसूण. पण ज्या सिचुआन प्रांताचं नाव ती मिरवते, तिथली खरी ओळख म्हणजे जीभ झिणझिणवणारे ह्वाज्याव हे दाणे. ते आणि आपलं तिरफळ एकाच वनस्पतीकुळातले, एकाच प्रजातीगटातले. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणाऱ्या या फळाचे चार-पाच दाणे घेऊन, आतलं काळं बी टाकून, भाजून, कुटून मी शेजवान चटणीत घालतो. सिचुआनची झिणझिण त्यातून थोडी हाती लागते.

अजिनोमोटोबद्दलही सांगायला हवं. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून उमामी चवीचं मूळ, ग्लुटामेट, वेगळं केलं. अजिनोमोटो म्हणजे त्याचंच मीठ. पिकलेल्या टोमॅटोतही ते असतंच. १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रामुळे चिनी जेवणाशी डोकेदुखीचं नाव जोडलं गेलं, पण पुढच्या नियंत्रित चाचण्यांत तसा ठाम संबंध सापडला नाही. चिमूटभर घातलं तर मीठ मात्र कमी करावं.

इतकं सगळं जमल्यावरही मी कढईकडे पाहण्यापेक्षा तिला ऐकतो. चरचर चालू आहे तोवर पाणी हरतंय. ती मंदावून रटरट सुरू झाली, की कढईत गर्दी झाली असं समजायचं आणि निम्मा भात ताटात काढायचा. क्षणात चरचर परत येते, गाडीवर ऐकू येते तशी.