डायलिसिससाठी रक्तमार्ग : तीन पर्याय, पण तयारी वेळेवर हवी

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. त्या वेळी यंत्रातून दर मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त फिरते. हाताच्या साध्या शिरेतून एवढा प्रवाह मिळत नाही आणि खोलवरच्या धमनीला वारंवार सुई टोचणे धोक्याचे असते. म्हणून रक्ताचा स्वतंत्र मार्ग तयार करावा लागतो.

१९६० मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनच्या नळ्यांचा 'शंट' वापरात आणला आणि दीर्घकालीन डायलिसिस शक्य झाले. मात्र त्वचेबाहेर राहणाऱ्या या नळ्यांत रक्त गोठत असे व जंतुसंसर्गही होत असे. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. ब्रेशिया, डॉ. सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळची धमनी थेट शिरेला जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हीच 'फिस्टुला' शस्त्रक्रिया आजही बहुतेक रुग्णांसाठी पहिला पर्याय मानली जाते.

या जोडणीमुळे धमनीतील वेगवान रक्त शिरेत येते, शीर फुगते आणि तिची भिंत जाड होते. शस्त्रक्रिया सहसा कमी वापराच्या हातावर, प्रथम मनगटाजवळ व ते शक्य नसल्यास कोपराजवळ करतात. फिस्टुला अनेक वर्षे टिकू शकतो आणि त्यात संसर्गाचा धोका सर्वांत कमी असतो. परंतु तो वापरण्याजोगा होण्यास दीड ते तीन महिने लागतात. काही रुग्णांत तो पुरेसा विकसितच होत नाही.

शिरा बारीक असल्यास धमनी व शीर यांना कृत्रिम नळीने जोडतात. हा 'ग्राफ्ट' साधारणतः दोन ते तीन आठवड्यांत वापरता येतो, पण त्यात रक्ताची गुठळी व संसर्ग यांचे प्रमाण फिस्टुलापेक्षा अधिक असते. तिसरा पर्याय म्हणजे मानेतील मोठ्या शिरेत बसवलेला 'कॅथेटर'. तो तत्काळ वापरता येतो, मात्र त्याद्वारे जंतू थेट रक्तात शिरण्याची भीती सर्वाधिक असते.

२०१६ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी ही सेवा मोफत सुरू झाली. परंतु यंत्र उपलब्ध असले तरी रक्तमार्ग आयत्या वेळी तयार होत नाही. आजार बळावल्यानंतर रुग्णालय गाठणाऱ्याला कॅथेटरवाचून गत्यंतर नसते.

म्हणून मूत्रपिंडाचा आजार वाढत असल्याचे कळताच डायलिसिसची गरज भासण्याच्या काही महिने आधी शल्यचिकित्सकांचा सल्ला घ्यावा. हातांच्या शिरा जपाव्यात. रक्ताचा नमुना देताना किंवा सलाईन लावताना शक्यतो हाताच्या मागील बाजूची शीर वापरण्यास सांगावे. फिस्टुला झालेल्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, त्या हाताने जड ओझे उचलू नये आणि फिस्टुलावरील थरथर रोज बोटांनी तपासावी. ती थांबल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.