बोली दिसली, देणारे दिसले नाहीत

जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुकांची धामधूम होती. त्या वेळी निवडून आलेल्यांची पाच वर्षं आता भरली. गावोगाव पुन्हा पॅनलची जुळवाजुळव सुरू आहे आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्यात पारावर विषय निघाला की खोंडामळीचं नाव निघतंच.

नंदुरबार तालुक्यातलं हे गाव. मतदान १५ जानेवारीला होतं. त्याआधीच सरपंचपदाची बोली लागल्याची बातमी फुटली. बोली ४२ लाखांची, पैसा मंदिराच्या कामाला जाणार होता. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यात, देवळा तालुक्यातल्या उमराण्यात, दोन कोटी पाच लाखांची बोली झाली, तीही मंदिरासाठीच. राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी जिल्हाधिकारी, निवडणूक निरीक्षक, तहसीलदार यांच्याकडून अहवाल मागवले, चित्रफिती तपासल्या आणि मतदानाला दोन दिवस उरले असताना दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. ज्यांना उभं राहायचं होतं त्यांचा हक्क हिरावला गेला, ज्यांना मत द्यायचं होतं त्यांचाही, हे आयोगाचं म्हणणं. ते शंभर टक्के बरोबर होतं आणि आजही आहे.

पण पाच वर्षं एक गोष्ट मला बोचत राहिली आहे. सात किंवा नऊ सदस्यांच्या गावात तेव्हा एका उमेदवाराला २५ हजारांची खर्चमर्यादा होती. अकरा-तेरा सदस्यांच्या गावात ३५ हजार, पंधरा-सतरा सदस्यांच्या गावात ५० हजार. म्हणजे सर्वांत मोठ्या ग्रामपंचायतीत सतराच्या सतरा जागांवर एकेका उमेदवाराने मर्यादेपर्यंत खर्च केला, तरी बेरीज साडेआठ लाखांची. इथे एका पदाला ४२ लाख. हा पैसा एवढ्याशा गावात येतो कुठून, तो घालणारा काय वसूल करणार आहे आणि कोणाकडून, हे प्रश्न तेव्हा वर्तमानपत्रांनी एक-दोन दिवस विचारले आणि मग संक्रांतीच्या तिळगुळात सगळं विरून गेलं.

मागे वळून पाहिलं तर सुरुवातीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. गावात पाटील म्हणेल तो सरपंच आणि तालुक्याला साखर कारखाना किंवा सोसायटी ज्याच्या हातात तो सभापती, अशीच बरीचशी रीत होती. पैसा लागायचा, पण त्याहून जास्त लागायची जमीन आणि जात. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली, १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला, १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. उमेदवाराने मालमत्ता आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रावर सांगावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२-०३ चा आग्रह पुढे स्थानिक निवडणुकांतही आला. कागदं वाढली.

खरा फरक पडला तो २०१५ नंतरच्या दहा वर्षांत. ती दहा वर्षं मी याच जिल्ह्यात, गावांच्या निवडणुका जवळून बघत काढली. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागला. २०१५ मध्येच पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याखालच्या, गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळायला लागला. हा हक्क मिळवायला इथल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं हाडाची काडं केली होती. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूरच्या पाड्यांपर्यंत पैसा पोचावा, गावाने ग्रामसभेत बसून तो कुठे खर्चायचा ते ठरवावं, ही साधी, न्याय्य मागणी होती. पैसा आला. पण त्याच्या मागोमाग गावात नवी माणसंही आली: पेव्हर ब्लॉकवाला, सौर दिव्यांचा पुरवठादार, काँक्रीट रस्त्याचा ठेकेदार, कूपनलिकेवाला. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, तेव्हा या मंडळींचं काम सोपं झालं. आधी नऊ जणांना सांभाळावं लागे, आता एकाला. २०२० मध्ये ती पद्धत गेली, २०२२ मध्ये परत आली. सरपंचपदासाठी २०१७ मध्ये ठरलेली खर्चमर्यादा गावाच्या आकाराप्रमाणे ५० हजार, एक लाख आणि पावणेदोन लाख होती. त्या मर्यादेत किती निवडणुका झाल्या, हे ज्याला माहीत नाही असा माणूस मला जिल्ह्यात अजून भेटलेला नाही.

त्या काळात एका तहसील कचेरीत मी एका विजयी उमेदवाराचा खर्चाचा हिशेब बघितला होता. तीन-चार पानं. पत्रकछपाई, एक बॅनर, रिक्षावरचा भोंगा, कार्यकर्त्यांचा चहा आणि नाश्ता. चहाचा दर प्रशासनाच्या दरसूचीत होता तोच, पै न पै जुळणारा. बेरीज मर्यादेच्या थोडी खाली. त्याच गावात मतदानाच्या आदल्या रात्री मी स्वतः उभा होतो. बारडोली, सुरतकडे ऊसतोडीला गेलेल्या मतदारांना घेऊन गाड्या येत होत्या. क्रूझर, पिकअप, टपावर पोरं बसलेली, आत बायका लेकरांना मांडीवर घेऊन. मुकादमाकडची उचल फिटलेली नसल्यामुळे दोन दिवसांनी त्याच गाड्यांतून परत जायचं होतं. गाडीभाडं, वाटेतलं जेवण, बुडालेल्या मजुरीची भरपाई, मागच्या अंगणात कापलेले बोकड, यातलं काहीही त्या चार पानांत नव्हतं. मी कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ, आम्ही फक्त वेळेत आलं का ते बघतो."

त्याचं काही चुकत नव्हतं. कायदा त्याच्याकडून तेवढंच मागतो. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४-ब सांगतं की ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या रीतीने खर्चाचा हिशेब दिला नाही आणि त्याला सबळ कारण नसेल, तर पाच वर्षं अपात्र. या कलमाखाली दरवेळी घरी बसतात ते गरीब उमेदवार, ज्यांना हिशेब लिहायला कोणी नव्हतं, ज्यांना नोटीस कळली नाही, जे निकालानंतर आठवड्याभरात पुन्हा गुजरातला निघून गेले. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे हिशेब लिहिणाराही असतो. पुढे आयोगाने 'ट्रू व्होटर' ॲपवर रोजचा खर्च भरायला सांगितला. धडगावच्या डोंगरात जिथे फोन लागत नाही, तिथे हा आणखी एक फास झाला. आणि या सगळ्यात विचारला जातो तो खर्च. दिला कोणी, हे कलम १४-ब विचारतच नाही.

पक्षाला वीस हजारांहून जास्त देणगी मिळाली तर त्याने देणाऱ्याचं नाव निवडणूक आयोगाला कळवावं, असा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे. त्यालाही निवडणूक रोख्यांनी भगदाड पाडलं होतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रोखे रद्द केले आणि पक्षांना पैसा कोण देतं हे जाणण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता. पण ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. तिथे पक्ष नाही, म्हणून पक्षाचा हिशेब नाही. पॅनल असतं, ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी विरून जातं. दिल्लीच्या मतदाराला जो हक्क मिळाला तो आमच्या मोलगीच्या मतदाराला का नको, याचं उत्तर कोणी देत नाही.

कलम १४ मध्ये आणखी एक चांगली तरतूद आहे. पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात स्वतःचा वा भागीदाराचा हितसंबंध असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. पण सदस्याच्या निवडणुकीचा खर्च ज्याने उचलला, त्याच ठेकेदाराला सदस्याने काम दिलं, तर हे कलम त्याच्या जवळही फिरकत नाही. निवडून येणारे आणि ठेका घेणारे यांचं साटंलोटं बाहेर काढायला काय लागतं, ते खानदेशाने शेजारी पाहिलं आहे. जळगाव पालिकेच्या घरकुल घोटाळ्याच्या प्रकरणात २००६ मध्ये फिर्याद झाली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं ते ३१ ऑगस्ट २०१९ ला. तेरा वर्षं! तिथे निदान तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम फिर्याद द्यायला उभे राहिले. सातशे उंबऱ्यांच्या गावात फिर्याद कोण देणार?

हे सगळं आपल्याकडच्या रीतीच्या उलट आहे, म्हणून जास्त लागतं. आमच्याकडे कुठल्याही देवळात जा. पायरीवर, फरशीवर, भिंतीवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, वडिलांच्या स्मरणार्थ पाचशे एक रुपये, अमुक गाव. भंडाऱ्याला कोणी किती शिधा दिला ते माइकवरून सांगतात. देणाऱ्याला त्यात लाज नसते आणि घेणाऱ्याला दडवायचं नसतं. खोंडामळीचे ४२ लाख मंदिरात लागले असते, तर तिथेही नावाची फरशी बसली असती. देवाला दिलेल्या पैशाचा हिशेब गाव मागतं आणि सत्तेला दिलेल्या पैशाचा मागत नाही, ही सवय आपल्याला कधी लागली?

शहाद्याच्या भूमीवर आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांनी आणि पुढे श्रमिक संघटनेने सत्तरीच्या दशकात भर सभेत प्रश्न विचारायची हिंमत माणसांत आणली होती. जमीन कोणाची होती, कोणाकडे गेली, कोणत्या कागदावर गेली? सालदाराने मालकासमोर उभं राहून हे विचारलं. महाराज १९७४ मध्ये गेले. त्या चळवळीत वाढलेली माणसं आता थकली, काही राहिली नाहीत, आणि त्यांच्या नातवंडांच्या गावात निवडणुकीच्या रात्री पाकीट कोणाकडून आलं हे विचारणं अडाणीपणाचं मानलं जातं. या दहा वर्षांत आम्ही जे गमावलं त्यात मला सर्वांत जास्त दुःख याचं आहे.

२०२५ चा नोव्हेंबर तर जखमेवर मीठ चोळून गेला. नगरपालिकांच्या निवडणुका जाहीर करताना आयोगाने खर्चमर्यादा वाढवल्या. नगराध्यक्षपदासाठी अ वर्गात १५ लाख, ब वर्गात सव्वाअकरा लाख, क वर्गात साडेसात लाख. २०१६ च्या तुलनेत दीडपट. महागाई वाढली, हे मान्य. पण मर्यादा वाढवताना पैसे देणाऱ्याचं नाव जाहीर करण्याची एक ओळ जोडायला काय हरकत होती? त्याच महिन्यात, १४ नोव्हेंबरला, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधली दुरुस्ती लागू झाली. वैयक्तिक माहिती म्हटलं की अधिकाऱ्याला आता नकार देणं फार सोपं झालं आहे. व्यापक जनहिताची वाट कलम ८(२) मध्ये उरली आहे, पण पाड्यावरच्या माणसाने ती अपिलात जाऊन सिद्ध करायची. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार आमच्या शहादा तालुक्यात, टेंभलीला दिलं गेलं. तेव्हापासून इथल्या मजुराने रेशनसाठी, मजुरीसाठी, पेन्शनसाठी बोटाचे ठसे दिले. सरपंचाला निवडून आणायला लाखो रुपये ओतणाऱ्याकडून मात्र कोणी साधं नावही मागत नाही.

उपाय अवघड नाही. घटनेच्या कलम २४३-के ने पंचायत निवडणुकांवरचं नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाला दिलं आहे. खर्चाच्या हिशेबाबरोबर पाच हजारांवरच्या प्रत्येक देणाऱ्याचं नाव, गाव आणि व्यवसाय द्यावा, ती यादी मतदानाच्या आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि निकालानंतरच्या पहिल्या ग्रामसभेत वाचून दाखवावी, असा आदेश पुढची निवडणूक जाहीर होण्याआधी निघू शकतो. अशा देणगीदाराला त्या पंचायतीचा ठेका पाच वर्षं मिळू नये, यासाठी कलम १४ मध्ये विधिमंडळाला दुरुस्ती करावी लागेल, आणि जिल्ह्यातल्या चारही आमदारांकडे मी ही मागणी लेखी देणार आहे. जिल्हा परिषदेत जानेवारी २०२५ पासून प्रशासक बसला आहे. ५६ जागांची ती निवडणूक जेव्हा केव्हा होईल, तेव्हा दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी एकच विचारणार आहे: जाहीरनामा राहू द्या, देणाऱ्यांची यादी आणली आहे का?