हात थकला, पण डोकं चाललं!

तुमचं घर एकाच कौशल्यावर चालत असेल तर हे नीट वाचा.

जिम बाउटन हा अमेरिकेतला बेसबॉलपटू, चेंडू फेकणारा पिचर. १९६३ मध्ये न्यूयॉर्क यँकीजकडून त्याने २१ सामने जिंकले. १९६५ मध्ये हात दुखावला, वेग गेला. मग काय केलं? संथ, डुलत जाणारा 'नकलबॉल' हाताशी धरला आणि १९६९ मध्ये रिलीफ पिचर म्हणून खेळला, म्हणजे चालू सामन्यात दुसऱ्या पिचरच्या जागी येणारा. त्या हंगामावर लिहिलेलं 'बॉल फोर' हे पुस्तक खूप गाजलं.

पुढे पोर्टलँड मॅव्हरिक्स संघात रॉब नेल्सन या सहकाऱ्याने एक कल्पना सांगितली. खेळाडू तंबाखू चघळतात, तर तशीच दिसणारी बबलगम पाकिटात घालून विकूया! कल्पना नेल्सनची, भांडवल बाउटनचं. पण कारखाना त्यांनी टाकला नाही. रिग्लीच्या अमुरॉल कंपनीला उत्पादनाचे हक्क दिले. १९८० मध्ये 'बिग लीग च्यू' बाजारात आली.

लक्षात घ्या, कल्पना, पैसा आणि कारखाना एकाच माणसाकडे असायलाच हवा असं नाही. यातलं तुमच्याकडे काय आहे? उरलेलं कोणाकडे आहे? आजच वहीत लिहून काढा.